लहान डिग्री कॉलेजात अमेरिकेसारखी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी सुरू करावी का?

खानापूरची प्राध्यापिका (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका लहान डिग्री कॉलेजात कॉमर्स शिकवते. कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहे. बी.ए. आणि बी.कॉम. मिळून मुलं-मुली चारशेच्या आत. हॉस्टेल नाही. कॅन्टीन म्हणजे गेटबाहेरचा चहाचा गाडा.

परवा फायनलच्या मुलांनी एक अर्ज आणून दिला. आमचाच एक जुना विद्यार्थी टेक्सासला एमबीए करतोय. त्याने तिथल्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवडक संघटनांच्या, घरांचे फोटो ग्रुपवर टाकले, आणि यांनी ठरवलं की आपल्याकडेही मुलांची एक फ्रॅटर्निटी आणि मुलींची एक सोरॉरिटी काढायची. ग्रीक अक्षरांचं नाव, टी-शर्ट, दरवर्षी ठरावीक जण निवडायचे, त्यांना आत घेताना एक विधी करायचा, आणि पुढे नोकरीला लागल्यावर एकमेकांना हात द्यायचा. अर्ज तीन पानांचा, मराठीत. त्याच्यामागे तोच अर्ज कन्नडमध्ये जोडलेला, आणि तो कन्नड मुलांनी स्वतःहून लिहिलेला. मला तो कागद बाजूला टाकवेना.

प्रिन्सिपल सरांच्या मते नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) पाचव्या निकषात, म्हणजे विद्यार्थी साहाय्य आणि माजी विद्यार्थी या भागात, हे दाखवता येईल. पण रॅगिंगचं एक जरी प्रकरण झालं तरी कॉलेजची अब्रू जाईल, हेही तेच म्हणतात. गव्हर्निंग कौन्सिलपुढे टिपण ठेवायचं काम माझ्याकडे आलंय.

अर्जात एके ठिकाणी लिहिलंय की पीयूसीपर्यंत (अकरावी-बारावीपर्यंत) गावातलीच पोरं बरोबर होती, डिग्रीला आल्यावर बस सुटली की कोण कुणाचं नाही. हे खरं आहे, मी रोज बघते. जांबोटी-कणकुंबीकडून येणारी मुलं मराठी, बिडी-इटगीकडची कन्नड, नंदगडकडची दोन्ही. वर्गात एका बाकावर बसतात आणि तास संपला की आपापल्या बसकडे धावतात. तीन वर्षांनी कुणी गोव्याला वेर्ण्याच्या कारखान्यात, कुणी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत, कुणी पुण्याला. काही पोरं मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या भरतीसाठी पहाटे पळतात, ती मात्र एकमेकांना धरून असतात. मुलींचं तर लग्नाची पत्रिका आली की कळतं.

माझ्या मनात दोन भीती आहेत. निवड म्हटली की आपल्याकडे आधी आडनाव वाचलं जातं. आणि विधी म्हटला की नव्या पोराला काय काय करायला लावतील, सांगता येत नाही. दरवर्षी प्रत्येक मूल आणि पालक रॅगिंगविरोधी शपथपत्र भरतात, ती मीच गोळा करते.

तरी नुसतं ‘नाही’ लिहून मोकळं व्हावंसं वाटत नाही. तिकडच्या लहान कॉलेजांत हे प्रत्यक्ष कसं चालतं, कुणी पाहिलंय का? आपल्याकडे काय करता येईल?

जांबोटी रोड

मॅडम, मी तुमच्याच तालुक्यात, पण दुसऱ्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींचं आधी काढा, एवढंच सांगायचं होतं.

2023 च्या जूनमध्ये शक्ती योजना आली, आधारकार्ड दाखवलं की मुलींना बस फुकट. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यामुळेच डिग्रीला आल्या, नाहीतर पासाच्या पैशावरून घरात वाद होता. पण बस फुकट झाली तरी तिची वेळ काही बदलली नाही. शेवटचा तास अर्ध्यात सोडून पळावं लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे चार वाजता अंधारून येतं आणि घाटाकडच्या रस्त्यावर धुकं उतरतं.

पहिल्या सेमिस्टरला आमच्याच स्टॉपवरची एक फायनलची ताई होती. माझी नातेवाईक नाही की काही नाही. कुठल्या बाथरूमची कडी लागते, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा, परीक्षेच्या दिवशी पाळी आली तर कुठल्या मॅडमना सांगायचं, हे सगळं तिने सांगितलं. ती नसती तर मी दिवाळीनंतर कॉलेजला आलेच नसते. आता ती लग्न होऊन चंदगडला आहे, अजून फोन करते. असं माणूस प्रत्येकीला मिळालं पाहिजे की हो.

पण निवडून घेणार असाल तर मला कोण घेईल? मी मीटिंगला थांबू शकत नाही. घरी गेले की धार काढायची असते.

टिळकवाडी ते ओहायो

मॅडम, मी बेळगावातल्या टिळकवाडीची. पदवी ओहायोतल्या एका लहान कॉलेजात घेतली. तिथे मुलींची नवी सोरॉरिटी सुरू झाली तेव्हा मी सुरुवातीच्या मुलींमध्ये होते. जे पाहिलं ते लिहिते. थोडा इतिहासही लिहिते, कौन्सिलपुढे तुम्हाला तो लागेल.

सिनेमांमुळे ही मोठमोठ्या विद्यापीठांची गोष्ट वाटते, पण ती जन्माला आली लहान कॉलेजांत. 1776 च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कापा ही ग्रीक अक्षरांच्या नावाची विद्यार्थी संघटना निघाली. मोकळेपणी वादविवाद करता यावेत म्हणून ती गुप्त ठेवली होती. पुढे 1831 मध्ये हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडून दिली, आणि आज फाय बीटा कापा म्हणजे हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान. 1825 ते 1827 या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात तीन फ्रॅटर्निटी निघाल्या, तिथून ही पद्धत पसरली. मुलींना मुलांच्या संघटनांत जागा नव्हती. म्हणून 1867 मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात बारा मुलींनी स्वतःची काढली, तीच आज पाय बीटा फाय म्हणून ओळखली जाते. मॉनमथ हे तर अगदी छोटं गाव. म्हणजे तुमच्या मुलांना जे वाटतंय ते काही परदेशी खूळ नाही. लहान ठिकाणच्या पोरांना एकमेकांची गरज जास्त असते.

आता सुरू कसं होतं ते. आधी आठ-दहा जणी एकत्र येतात, कॉलेजकडे अर्ज देतात, एक प्राध्यापक सल्लागार म्हणून मिळवतात आणि घटना लिहितात. मग एक तर स्वतंत्र स्थानिक संघटना म्हणून राहायचं, नाहीतर एखाद्या राष्ट्रीय सोरॉरिटीकडे शाखा म्हणून मान्यता मागायची. राष्ट्रीय संघटना आली की तिच्याबरोबर वर्गणी येते, विमा येतो, किमान मार्कांची अट येते, वरून तपासायला बाई येतात. आमची स्थानिक होती. वर्गणी ठेवायची की नाही यावरच आमच्या पहिल्या सभा गेल्या, कारण ग्रंथालयात तासावर काम करून शिकणाऱ्या मुली आमच्यात होत्या. नवीन मुलीला एक थोरली बहीण नेमून दिली जायची, आणि सगळ्यात चांगलं जे होतं ते हेच. माझ्या थोरल्या बहिणीने मला बर्फात चालायला कुठले बूट घ्यायचे इथपासून प्राध्यापकांशी मार्कांवरून कसं बोलायचं इथपर्यंत शिकवलं. जांबोटी रोड, तुमची ती ताई म्हणजे हुबेहूब तेच.

पण मला मनापासून सांगायचंय ते पुढचं आहे. आमच्या कॉलेजात जेवणाचा हॉल एकच होता. निवडीचा आठवडा संपला, त्या रविवारी संध्याकाळी निवडलेल्या मुली एकसारखे टी-शर्ट घालून एका लांब टेबलावर बसल्या. माझ्या शेजारच्या खोलीतली एक मुलगी ताट घेऊन दारात उभी राहिली आणि ताट ठेवून परत गेली. तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. मोठ्या विद्यापीठात तीस-चाळीस हजार मुलं असतात, तिथे नाही निवडलं तर माणूस दुसरीकडे जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. लहान कॉलेजात कोण आत आणि कोण बाहेर हे सगळ्यांना दिसतं, आणि बाहेरच्याला जायला दुसरी जागा नसते. तुमच्याकडे चारशे आहेत. त्यातले चाळीस निवडले की उरलेल्या साडेतीनशेंना तीन वर्षं रोज ते दिसणार.

हे फक्त माझं मत नाही. विल्यम्स कॉलेजने 1962 मध्ये फ्रॅटर्निटी बंद करायचा निर्णय घेतला, कोल्बीने 1984 मध्ये, बोडनने 1997 मध्ये. तिन्ही लहान, तिन्ही नावाजलेली. बोडनने काय केलं ते तुमच्या टिपणात जरूर घाला. त्यांनी फ्रॅटर्निटींची राहायची घरं कॉलेजची म्हणून ठेवली आणि पहिल्या वर्षाचं प्रत्येक वसतिगृह एकेका घराला जोडून दिलं. मूल कॉलेजात आलं की त्याला घर मिळालंच, कुणी निवडायचा प्रश्नच नाही.

विधीबद्दल मी कडक बोलणार आहे. अमेरिकेत दारू पाजण्यावरून आणि नव्या मुलांना छळण्यावरून पोरं मेली आहेत. 2017 मध्ये पेन स्टेटमधल्या एका मुलाच्या मृत्यूने देश हादरला, आणि 2024 च्या डिसेंबरात तिथे केंद्राचा कायदा झाला की कॉलेजांनी अशा प्रकारांची माहिती जाहीर करायची. आपल्याकडे 2009 चे यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम आहेतच. बंद दाराआड होणारं काहीही मान्य करू नका. स्वागत करायचंच तर मैदानात, आई-वडिलांना बोलावून.

धारवाडहून

मी मूळचा येळ्ळूरचा, सध्या धारवाडला पीएच.डी. करतोय. वरच्या ताईंचा मुद्दा कळला, पण पटत नाही.

सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे मी माझ्या कॉलेजात बघितलंय. एनएसएसला नावं सगळ्यांची असायची आणि खोरं घेऊन उभे आम्ही पंधरा जण. माणूस निवडला गेला की जबाबदारी मानतो. बेळगावात 1916 साली सात तरुण शिक्षकांनी केएलई संस्था उभी केली, ती काय गावभर नावं नोंदवून नव्हे. अमेरिकेतही 1906 मध्ये कॉर्नेलमध्ये सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आल्फा फाय आल्फा काढली, कारण त्यांना तिथे कुणी जवळ करत नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग तिचेच सदस्य. कृष्णवर्णीय मुलींसाठी हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये आल्फा कापा आल्फा निघाली. दक्षिण आशियाई मुलींची कापा फाय गॅमा 1998 मध्ये टेक्सासातच, ऑस्टिनला. एकटे पडलेल्यांना घट्ट गट लागतो. आम्हा सीमाभागातल्या मराठी पोरांना हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. दाखला कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये, नोकरीच्या जाहिरातीत भाषेची अट. मराठी मुलांनी आपला गट केला तर त्यात वावगं काय?

टिळकवाडी ते ओहायो

धारवाडकर, तुम्ही दिलेली उदाहरणं खरी आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. पण कॉर्नेलच्या त्या सातांसाठी आधीच दार बंद होतं, म्हणून त्यांनी स्वतःचं घर बांधलं. इथे मॅडमच्या कॉलेजात अजून कुठलंच दार बंद झालेलं नाही. अर्ज दोन भाषांत आलाय. मराठीचा गट काढला की आठ दिवसांत कन्नडचा निघेल, आणि मग त्या बाकावर एकत्र बसणंही जाईल. फॉर्मचं आणि दाखल्याचं दुखणं खरं आहे. त्यासाठी फॉर्म भरून देणारी थोरली मुलं लागतात, आणि तिथे तर कन्नड येणारा मित्र सगळ्यात कामाला येतो.

जबाबदारीचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. काम करणारे पंधराच असतील, असू देत. ते पंधरा मेहनतीने पुढे यावेत, इतकंच. दार मात्र सगळ्यांना उघडं हवं.

निपाणीचे निवृत्त शिक्षक

मॅडम, मी निपाणी भागातला. माझं शिक्षण कोल्हापुरात बोर्डिंगात राहून झालं, म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे हे घर शंभर वर्षांपूर्वीच बांधून झालंय. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्याच सुमारास जैन बोर्डिंग झालं, मग मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव अशी एकामागून एक निघाली. 1908 चं मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी. दसरा चौकात उभं राहिलात तर त्यातल्या काही इमारती अजून दिसतात. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला खोली नाही, जेवायला घास नाही, अशी तेव्हाची स्थिती होती. प्रत्येक समाजाने आपापल्या पोरांची सोय करावी म्हणून महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला. त्या काळाला ते योग्यच होतं. माझ्यासारखे कितीतरी शेतकऱ्याचे पोरगे त्यावर शिकले.

त्यानंतरचं पाऊल भाऊराव पाटलांनी टाकलं. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. एका पंगतीला सगळे, स्वयंपाकाला सगळे, पाणी भरायला सगळे. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. तेव्हा निवड करायची की नाही या प्रश्नाचं उत्तर आपल्या मातीत आधीच दिलं गेलंय. आता पुन्हा 1901 ला परत जायला नको.

एक अनुभवाची गोष्ट सांगतो. बोर्डिंगातली मैत्री टिकली ती कामामुळे. कुणाच्या घरून जोंधळ्याचं पोतं यायचं, कुणाच्या घरून काहीच यायचं नाही, आणि जेवायला सगळे सारखे. भांडी घासायची पाळी ठरलेली. आजही आमच्यातला कुणी आजारी पडला तर बाकीचे दवाखान्यात हजर. तेव्हा तुमच्या मुलांना नुसतं नाव आणि टी-शर्ट देऊ नका, रोजचं एखादं काम द्या. आणि पैशाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मी पाहिलेली मंडळं फुटली ती बहुतेक हिशोबावरून. माजी विद्यार्थी संघ रजिस्टर करायचा झाला तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा 1960 चा आहे, सात सभासद पुरतात. ते नंतर करा. आधी काम उभं राहू दे.

खानापूरची प्राध्यापिका

सगळ्यांचे आभार. काल अर्ज आणलेल्या मुलांना बसवून हे सगळं वाचून दाखवलं. कन्नड मुलांसाठी त्यांच्यातल्याच एकीने जागच्या जागी सांगितलं. टी-शर्टवरून थोडी नाराजी झाली, पण ताट ठेवून परत गेलेल्या मुलीचं वाचलं तेव्हा वर्ग गप्प झाला. एका पोराने मग विचारलं, “मॅडम, आमच्यातले कोण बाहेर राहिले असते?” कुणी उत्तर दिलं नाही. तिथून पुढचं बोलणं सोपं झालं.

टिपणात मी असं लिहितेय. निवड नाही, गुप्त विधी नाही. ॲडमिशन झाली की प्रत्येक मुला-मुलीला दोन नाती मिळतील. पहिलं बसच्या मार्गाने. जांबोटी मार्गाच्या मुलीला त्याच मार्गाची फायनलची मुलगी, बिडी मार्गाच्या मुलाला तिथलाच मुलगा. हे सोबतीसाठी आणि सुरक्षिततेसाठी, आणि मुलींचं याच सेमिस्टरला सुरू करायचं, मुलांचं पुढच्या. दुसरं चिठ्ठी टाकून. सगळ्यांची चार घरं होतील, म्हणजे जांबोटीचा आणि इटगीचा एका घरात येऊ शकतो. फक्त मार्गावर ठेवलं असतं तर भाषेप्रमाणेच वाटणी झाली असती, हे जांबोटी रोडचं आणि ओहायोच्या ताईंचं एकत्र वाचल्यावर लक्षात आलं. सभा मधल्या सुट्टीत, कॉलेजच्या वेळेत. संध्याकाळी एकही नाही, म्हणजे धार काढायला जाणाऱ्या मुलीलाही येता येईल.

निपाणीच्या सरांनी सांगितलं तसं प्रत्येक घराला काम. एकाकडे स्कॉलरशिपचे फॉर्म, दोन्ही भाषांत भरून देणं. एकाकडे जुन्या पुस्तकांची पेढी. एकाकडे भरतीला जाणाऱ्यांचा सराव आणि बँक परीक्षेचा अभ्यास. चौथ्याकडे माजी विद्यार्थ्यांची यादी, कोण गोव्याला आहे, कोण पुण्याला, कोण उद्यमबागेत. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावंही त्यात येणार. धारवाडकर, तुमचे ते पंधरा जण मला प्रत्येक घरात हवे आहेत, आणि तुम्ही एक दिवस येऊन मुलांशी बोललात तर मला फार बरं वाटेल.

घरांची नावं मुलांनी मागून घेतली. मलप्रभा आणि म्हादई ही दोन ठरली, कारण दोन्ही आमच्याच तालुक्यातून जातात. उरलेल्या दोनांवर वाद चालू आहे.

कौन्सिलची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. वर्गणी ठेवायची नाही असं माझं मत, पण फॉर्मच्या झेरॉक्सचा आणि बसस्टॉपवरच्या मुलींसाठी छत्र्यांचा खर्च येणारच. निपाणीच्या सर, तुमच्या बोर्डिंगात जमाखर्चाची वही कोण लिहायचं आणि कोण तपासायचं, ते जरा सविस्तर लिहाल का? तेवढं मिळालं की टिपण पूर्ण होतं.

निपाणीचे निवृत्त शिक्षक

लिहायचा विद्यार्थी, दर महिन्याला बदलून. तपासायचा दुसऱ्या खोलीतला विद्यार्थी, आणि महिनाअखेरीस रेक्टरांची सही. पान भिंतीवर लावायचं, कुणीही येऊन वाचावं. तुमच्याकडे एका घराची वही दुसऱ्या घराने तपासावी आणि महिन्याची सही तुम्ही करावी. पावती नसलेला खर्च धरायचा नाही, मग तो दोन रुपयांचा का असेना.